ड्यूररची हेलरला पत्रे : चित्रकाराच्या गद्याचा एक अभ्यास

चित्रकारांच्या लेखनाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः त्यांच्या सैद्धांतिक ग्रंथांकडे वळते; व्यवसायानिमित्त लिहिलेली पत्रे मात्र चरित्रकाराच्या उपयोगाची सामग्री म्हणून बाजूस पडतात. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर (१४७१–१५२८) याच्या बाबतीत ही विभागणी टिकण्यासारखी नाही. त्याच्या भूमितीविषयक ग्रंथातील सरळ व कारागिराला उमजेल अशा जर्मन गद्याची पूर्वतयारी एका गिऱ्हाइकाशी झालेल्या, बऱ्याचशा कटू पत्रव्यवहारात दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे गिऱ्हाईक म्हणजे फ्रँकफुर्टचा धनिक व्यापारी याकोब हेलर. तेथील डोमिनिकन चर्चमधील वेदीसाठी त्याने ड्यूररकडून मेरीचे स्वर्गारोहण व राज्याभिषेक या विषयावरील चित्र मागविले. मोबदला ठरला १३० गुल्डन. इ. स. १५०७ ते १५०९ या काळातील ड्यूररची ९ पत्रे उतरून घेतलेल्या प्रतींच्या रूपाने आपल्यापर्यंत आली आहेत. हेलरची उत्तरे उपलब्ध नाहीत. त्यामुळे या वादाची एकच बाजू आपणांस ऐकू येते, हे वाचताना विसरता कामा नये.

ऑगस्ट १५०७ मधील पत्रात नवे असे काही नाही. दीर्घकाळ ताप येत होता, सॅक्सनीच्या फ्रेडरिकचे काम मागे पडले आहे, ते पुरे होताच आपले हाती घेतो, असा त्याचा आशय आहे. कोणत्याही काळातील कारागीर असे पत्र लिहील. परंतु पुढील वर्षी पत्रांचे स्वरूप पालटते. बाजूच्या फळ्यांचे काम इतरांकडून होत असले, तरी मधल्या चित्रावर आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचाही हात लागणार नाही, असे ड्यूरर कळवितो. पहिले लेप देऊन झाले आहेत आणि त्यांवर आणखी चार, पाच किंवा सहा वेळा रंग चढविण्याचा मानस आहे, हेही सांगतो. नोव्हेंबर १५०८ मध्ये तो २०० गुल्डनांची मागणी करतो. लाजवर्द दगडापासून काढलेल्या निळ्या रंगासाठीच सुमारे २० डुकाट खर्ची पडत असल्याचा हिशेबही देतो. हेलरने त्याच्यावर वचनभंगाचा आरोप केला, हे पुढील पत्रांतील बचावाच्या सुरावरून स्पष्ट होते. जुलै १५०९ मध्ये तर ड्यूररने पैसे परत करण्याचीच तयारी दर्शविली आणि इतर लोक या चित्राला १०० गुल्डन अधिक देण्यास सिद्ध आहेत, असेही बजावले. ही शेवटली युक्ती अस्सल व्यापारी वळणाची आहे. व्यापाऱ्याशी त्याच्याच भाषेत कसे बोलावे, हे ड्यूररला चांगले अवगत होते.

तथापि या पत्रांचे मोल केवळ घासाघिशीत नाही. अखेरच्या लेपाखाली आधीचे सर्व लेप झाकले जातात. वर्षभराच्या श्रमांची खूण चित्राच्या पृष्ठभागावर सामान्य पाहणाऱ्यास दिसत नाही. दुसऱ्या नगरात बसलेल्या हेलरला तर काहीच दिसत नव्हते. अशा वेळी झाकलेले श्रम शब्दांनी उघड करून दाखविणे हे चित्रकाराच्या कामाचाच भाग ठरते. ऑगस्ट १५०९ मध्ये चित्र रवाना करताना ड्यूररने लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. चित्राला कोणी हात लावू नये, त्यावर तीर्थोदक शिंपडू नये, चकाकी टाळण्यासाठी ते दोन-तीन बोटे पुढे कललेले टांगावे, आपण एकदोन वर्षांनी येऊन नव्याने व्हार्निश देऊ, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. चित्र ५०० वर्षे टिकेल, असा विश्वासही त्याने प्रकट केला. असे काळजीपूर्वक काम परवडत नाही, यापुढे आपण ठशांच्या चित्रांकडेच लक्ष देऊ, ही तक्रारही त्याच पत्रात येते. अखेर हेलरने २०० गुल्डन दिले.

ते चित्र पुढे बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनने विकत घेतले आणि १७२९ मध्ये म्युनिक येथील आगीत मधली फळी जळाली. योब्स्ट हारिख याने केलेली नक्कल फ्रँकफुर्टमध्ये आहे. परंतु नकलेवरून रचना कळते, लेप कळत नाहीत. त्यांच्याविषयीचा पुरावा या पत्रांतच आहे.

१५२५ मध्ये ड्यूररचा मापनविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोनार, मूर्तिकार, पाथरवट, सुतार यांनाही तो उपयोगी पडावा, असे त्याने अर्पणपत्रिकेत म्हटले आहे. या वर्गाला लॅटिन येत नव्हते आणि शास्त्राची परिभाषा तर लॅटिनमध्ये. तेव्हा त्याने रोजच्या व्यवहारातले शब्द योजिले: सर्पिलाला गोगलगायीची रेषा, अन्वस्ताला ज्वलनरेषा (कारण जाळणारे आरसे त्या आकाराचे करतात), विवृत्ताला अंड्याची रेषा. आपल्याकडे अन्वस्त व विवृत्त ही संस्कृत घडणीची नावे पाठ करून भूमिती शिकलेल्यांस या शब्दांचा थोडा हेवा वाटावा. अर्थात सोप्या शब्दाला त्याचे धोके असतातच. ड्यूररच्या आकृतीत विवृत्त खरोखरच अंड्यासारखे एका टोकास रुंद झाले आहे. शंकूचा तळ रुंद म्हणून छेदाची खालची बाजूही रुंद, अशी त्याची समजूत असावी. नावाने ती दृढ केली असेल, तर नवल नाही.

हे गद्य सहजी उतरलेले नव्हते. त्याचे कच्चे मसुदे शिल्लक आहेत आणि त्यांतील एकच वाक्य अनेकदा फिरवून लिहिलेले आढळते. विद्वान मित्र पिर्कहाइमर याजकडून प्रस्तावना लिहवून घेताना त्याने काही अटी घातल्या होत्या: बढाई नको, मत्सराचा उल्लेख नको, ग्रंथात नाही त्याविषयी बोलणे नको. ड्यूरर ६ एप्रिल १५२८ रोजी निवर्तला. मानवी प्रमाणबद्धतेवरील त्याचा ग्रंथ त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आला. पुढे योआखिम कामेरारियस याने १५३२ पासून या ग्रंथांची लॅटिन भाषांतरे प्रसिद्ध केली. लॅटिन न जाणणाऱ्या सुतारासाठी लिहिलेली भूमिती अशा रीतीने लॅटिनमधूनच जर्मनीबाहेरील वाचकांपर्यंत गेली.