विक्रीपूर्व डागडुजी: जपानी घराचा हिशेब

आपल्याकडे फ्लॅट विकायला काढला की आधी रंगारी बोलावतात. भिंतींना ताजा रंग, गळक्या नळाला नवा वॉशर, दाराला पॉलिश, आणि मग गिऱ्हाईक. या खर्चामागे एक गृहीत असते: घर जितके टापटीप, तितका भाव चढा. जपानातल्या लाकडी घराला हे गृहीत फारसे लागू पडत नाही. तिथे विकण्याआधी काय दुरुस्त करावे हे ठरवायचे, तर घराची किंमत कशी ठरते इथपासून सुरुवात करावी लागते.

घसारा मोजण्यासाठी जपानचा करकायदा लाकडी निवासी इमारतीचे आयुष्य 22 वर्षे धरतो, आरसीसी इमारतीचे 47. हा निव्वळ हिशेबाचा आकडा आहे. घर प्रत्यक्षात किती टिकेल याच्याशी त्याचा संबंध नाही. पण बाजाराने तोच उचलला. वीस-पंचवीस वर्षे झाली की इमारतीची किंमत जवळपास शून्य धरतात आणि व्यवहार उरतो तो जमिनीचा. जाहिरातीतसुद्धा अशी मिळकत ‘जुन्या घरासह जमीन’ म्हणून येते. 2018 मध्ये घरांच्या एकूण व्यवहारांत वापरलेल्या घरांचा वाटा जेमतेम 14.5 टक्के होता. अमेरिकेत तो 80 टक्क्यांच्या आसपास असतो. 2023 च्या सरकारी पाहणीत देशभरात 90 लाख घरे रिकामी आढळली, म्हणजे एकूण घरांच्या 13.8 टक्के.

याचे खापर लाकडावर फोडले जाते. इसे इथले शिंतो देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, तेव्हा जुने पाडून नवे उभारणे हा जपानी स्वभावच आहे, असेही सांगतात. मला हे पटत नाही. नारा प्रांतातले होर्यूजी मंदिर लाकडाचेच आहे आणि तेराशे वर्षांनंतरही उभे आहे, कारण त्याची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली. विसाव्या शतकातला जीर्णोद्धार तर 1934 ला सुरू होऊन 1985 पर्यंत चालला. लाकूड टिकते. राहत्या घरावर असा खर्च कोणी करत नाही, कारण विकताना त्याचे मोल मिळत नाही. आणि खर्च केला नाही म्हणून घर खरोखरच लवकर खंगते. हे दुष्टचक्र आहे.

या चक्रात सापडलेल्या विक्रेत्याने दुरुस्तीकडे ‘याने भाव किती वाढेल’ एवढ्याच नजरेने पाहिले तर हिशेब चुकतो. दुरुस्ती काय साधते, यावरून तिचे तीन प्रकार पडतात: नुकसान थांबवणारी, नजरेत भरणारी आणि दोष झाकणारी.

पहिलीला पर्याय नाही. जपानी घराचा मुख्य शत्रू पाणी. जून-जुलैची पावसाळी दमट हवा, त्यानंतरची वादळे, आणि घरातली न्हाणी. जुन्या पद्धतीच्या न्हाणीत टाइल्स लावलेल्या असतात. सांध्यांतून झिरपलेले पाणी भिंतीच्या पायथ्याशी पायावर आडव्या टाकलेल्या लाकडापर्यंत पोचते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. स्वयंपाकघराच्या जमिनीतले झाकण उचलून बॅटरी घेऊन खाली सरपटत गेले की खरे चित्र दिसते. काँक्रीटच्या पायावरून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी वर चढत गेलेली असते. ती वाळवीची वाट. तिच्या टोकाशी लाकडावर हातोडीने हलकेच ठोकले तर पोकळ आवाज येतो. वर खोलीत मात्र ततामी (जमिनीवरची जाड चटई) नवीकोरी आणि भिंतीचा कागद गुळगुळीत असू शकतो. छतावरचे सरकलेले कौल, तुंबलेली पन्हळ, बाह्य भिंतीच्या सांध्यातले तडकलेले सीलंट ही कामे वेळीच केली तर थोडक्यात भागते. राहून गेली तर वाशांपर्यंत कूज जाते. घर रिकामे असेल तर अधूनमधून खिडक्या उघडाव्यात आणि नळ सोडावेत. मोरीच्या वाकड्या नळीतले पाणी आटले की गटाराचा वास घरात भरतो, आणि पाहायला आलेला माणूस दारातूनच परत फिरतो.

दुसऱ्या प्रकारात हात आखडता घ्यावा. झाडलोट, न्हाणी-स्वयंपाकघराची व्यावसायिक सफाई, शोजीचा, म्हणजे सरकत्या दाराचा, फाटलेला कागद, घरातल्या सामानाची विल्हेवाट, एवढे पुरे. नवे स्वयंपाकघर बसवून विकायला काढणे हा बहुधा बुडीत खर्च. घेणारा एक तर घर पाडणार असतो किंवा आपल्या आवडीप्रमाणे बदलणार असतो. विक्रेत्याच्या आवडीचे पैसे तो कशाला मोजेल?

तिसऱ्या प्रकारात खरा धोका आहे. गळतीच्या डागावर नवा कागद चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेनुसार, विकलेली वस्तू कराराशी जुळत नसेल तर खरेदीदार दुरुस्ती मागू शकतो, किंमत कमी करून घेऊ शकतो, भरपाई मागू शकतो, करारही मोडू शकतो. दोष कळल्यापासून वर्षभरात त्याने तो विक्रेत्याला कळवायचा असतो. खासगी व्यवहारात ही जबाबदारी करारानेच तीन महिन्यांवर आणण्याची रीत आहे. पण माहीत असलेला दोष लपवला असेल तर जबाबदारी टाळणारे कलम विक्रेत्याच्या कामी येत नाही. गळती, वाळवी, घराचा कल यांची माहिती देणारा तक्ता विक्रेता स्वतः भरून देतो. त्यात खरे लिहिणे हेच त्याचे संरक्षण.

म्हणून रंगाऱ्याआधी तपासनीस बोलवावा. एप्रिल 2018 पासून अशा तपासणीची सोय आहे हे ग्राहकाला सांगणे दलालांवर बंधनकारक आहे. प्रशिक्षित वास्तुतज्ज्ञ ठरलेल्या मापांनी घर पाहतो: पायाला 0.5 मिलिमीटर वा त्याहून रुंद भेग आहे का, जमीन हजारात सहा वा त्याहून जास्त कलली आहे का, पावसाचे पाणी आत आल्याच्या खुणा आहेत का. खर्च साधारण 50 हजार ते 1 लाख येन. घर त्यात उतरले तर जुन्या घरांसाठीचा दोष-विमा मिळण्याची वाट मोकळी होते. घेणाऱ्याच्या मनातली भीती घालवणारा हा कागद नव्या टाइल्सपेक्षा मोलाचा आहे.

1 जून 1981 पूर्वीच्या भूकंप-मानकांवर बांधलेल्या घराचा विचार वेगळा. एकट्या राहणाऱ्या आईचे किंवा वडिलांचे असे घर वारशाने मिळाले असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण होत असतील, तर विक्रीच्या नफ्यातून 3 कोटी येनपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी घर भूकंपरोधक करावे लागे किंवा पाडावे लागे, तेही विक्रीआधी. 2024 पासूनच्या व्यवहारांत खरेदीदाराने विक्रीनंतरच्या वर्षी 15 फेब्रुवारीपर्यंत ते केले तरी चालते. त्यामुळे अशा घरावर विक्रेत्याने एक येनही न घालणे बऱ्याचदा शहाणपणाचे. घाईने पाडूही नये. घर उभे असेपर्यंत मालमत्ता करासाठी 200 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचे करपात्र मूल्य एक षष्ठांश धरतात, आणि 1 जानेवारीला जागा मोकळी असेल तर ही सवलत जाते. शिवाय 80 चौरस मीटर वा अधिक क्षेत्राचे घर पाडायचे तर एप्रिल 2022 पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या तपासणीचा निकाल आधी सरकारला कळवावा लागतो.

फ्लॅटमध्ये विक्रेत्याच्या हाती थोडेच असते. खिडक्या आणि मुख्य दाराची बाहेरची बाजूही सामाईक मालमत्तेत मोडते. तिथे खरेदीदार इमारतीचा दुरुस्ती-निधी आणि झालेल्या मोठ्या कामांची नोंद पाहतो.

टोक्योच्या निशिकासाई भागात आणि इतरत्र स्थिरावलेल्या ज्या मराठी कुटुंबांनी तिथे घर घेतले आहे किंवा घेणार आहेत, त्यांना एकच विनंती. विकायचा विचार मनात नसला तरी घराची एक फाइल आजच सुरू करा. छत कधी रंगवले, वाळवीचे औषध कधी मारले (त्याची हमी बहुधा पाच वर्षांची असते), कोणता नळ कोणी बदलला, पावत्या आणि फोटोंसह सगळे तिच्यात ठेवा. आणि घर विकायच्या दिवशी ती फाइल खरेदीदाराच्या हातात द्या.