असईचे जखमी आणि ‘फेटली’ हा शब्द

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्यावर आर्थर वेलस्ली चालून गेला. सायंकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांच्या स्वतःच्या नुकसानीचे आकडे असे दिले जातात : ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८.

यांपैकी ‘जखमी’ हा रकाना फसवा आहे. त्यातील कित्येक जण पुढे दगावणार असत. पण अशी यादी लढाईनंतर लगेच तयार होई आणि मृत्यू सवडीने येई. दौलताबादच्या किल्लेदाराने जखमींना आत घेण्यास नकार दिला, तेव्हा अजिंठ्यास इस्पितळ थाटावे लागले.

अशा माणसासाठी इंग्रजीत ‘मॉर्टली’ किंवा ‘फेटली’ जखमी असे म्हणतात. या क्रियाविशेषणाची अट कठोर आहे : माणूस त्याच जखमेने मेलाच पाहिजे. तो वाचला, तर शब्द चुकला. म्हणून हा शब्द सहसा मृत्यूनंतरच निश्चितपणे लिहिता येतो.

मराठीतील ‘प्राणघातक’ तसा नाही. ‘प्राणघातक हल्ल्यात तिघे जखमी’ हे वाक्य वृत्तपत्रांत नित्य आढळते, आणि ते तिघेही बरे होऊन घरी परततात. मराठी शब्द धोका सांगतो, इंग्रजी शब्द परिणाम. ‘फेटली वूंडेड’चे भाषांतर ‘प्राणघातक जखमी’ असे केले, की एक मेलेला माणूस कागदावर जिवंत राहतो. ‘जखमी होऊन त्याच जखमेने मरण पावला’ हे लांबलचक, पण खरे.

‘फेटल’च्या मुळाशी लॅटिन ‘फाटुम’ आहे. अर्थ, ‘जे उच्चारले गेले ते’. देवाने बोलून ठेवलेले मरण. मराठी माणसाचे दैव मात्र बोललेले नसते. सटवीने कपाळी लिहिलेले असते.

असईत मराठ्यांच्या बाजूचे सुमारे १,२०० जण रणांगणावर मृत पडले, हा अंदाजही इंग्रज अधिकाऱ्यांचाच. जुई ओलांडून उत्तरेकडे निघून गेलेल्या जखमींपैकी ‘फेटली’ किती, हे त्या अंदाजात येत नाही. मराठी कागदांत लढाईत पडलेल्यांसाठी ‘कामास आले’ असा शब्दप्रयोग असे.