पाटीवरचं नाव आणि आत चालणारा प्रोग्राम

डिसेंबर 2016 मध्ये सुरजागडला लोहखनिज नेणाऱ्या गाड्या जाळल्या गेल्या, हे एटापल्ली तालुक्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. त्या प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांनाही आरोपी केलं गेलं. त्याआधी जून 2018 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली होती. 2021 मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीनं बचाव पक्षासाठी तपासणी केली आणि सांगितलं, की त्यांच्या संगणकात नेटवायर हा प्रोग्राम घुसवून बाहेरून फाइली टाकल्या होत्या. एनआयएला हे मान्य नाही. खरं-खोटं कोर्ट ठरवेल.

पण एक प्रश्न आपल्यालाही पडायला हवा. संगणकात परका प्रोग्राम चालू असतो आणि मालकाला पत्ता लागत नाही, हे होतं कसं? याचं एक उत्तर नावात आहे.

संगणकात काय काय चालू आहे त्याची यादी पाहता येते. प्रत्येक चालत्या कामाला एक नंबर असतो, त्याला पीआयडी म्हणतात, आणि शेजारी नाव. नंबर यंत्रणा देते. नाव मात्र तो प्रोग्राम स्वतःच बदलू शकतो!

ही सोय चांगल्या कामासाठी आली. युनिक्सच्या जमान्यात टपाल पोचवणारा सेंडमेल हा प्रोग्राम आपल्या नावाच्या जागी आत्ता काय काम चाललंय ते लिहायचा. सांभाळणाऱ्याला एका नजरेत कळायचं. पोस्टग्रेस हा डेटाबेस आजही तेच करतो. पुढे 2004 मध्ये लिनक्सच्या 2.6.9 आवृत्तीत धाग्याचं, म्हणजे थ्रेडचं, नाव बदलायची अधिकृत सोय आली. जागा किती? शेवटची खूण धरून 16 बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणून तिथे ‘एटापल्ली’ लिहिलं तर ‘एटापल’ एवढंच उरतं. म्हणजे नाव ही नुसती चिठ्ठी आहे, तीही छोटीशी.

चिठ्ठी बदलता येते म्हटल्यावर ती चोरानंही बदलली. 2 नोव्हेंबर 1988 ला रॉबर्ट मॉरिसचा वर्म इंटरनेटवर पसरला. तो यादीत स्वतःचं नाव ‘एसएच’ असं दाखवायचा. हे युनिक्सच्या नेहमीच्या शेलचं नाव, त्यामुळे बघणाऱ्याला संशय येत नसे. 2020 च्या सुमारास दुसऱ्याच्या सर्व्हरवर फुकटात क्रिप्टो कमावणारा ‘केडेव्हटीएमपीएफएसआय’ सापडू लागला. लिनक्सच्या खऱ्या धाग्याच्या नावापुढे फक्त एक ‘आय’ जोडलेला. घाईत कोण बघतं?

आणि नेटवायर? तो तर उघड विकला जायचा. जाहिरातीत काय, तर दुरून संगणक सांभाळायचं व्यावसायिक साधन. मार्च 2023 मध्ये एफबीआयनं त्याची वेबसाइट जप्त केली. इथे तर दुकानाची पाटीच वेगळी होती.

मग खरं कसं कळतं? जाणकार नावावर थांबत नाही. त्या नंबरचं काम कोणत्या फाइलीतून सुरू झालं, कुणाच्या खात्यावर चाललंय, त्याला कुणी सुरू केलं आणि ते बाहेर कुणाशी बोलतंय, हे तो बघतो. लिनक्समध्ये ‘प्रोक’ फोल्डरमध्ये यातलं बरंच सापडतं, नाव काहीही लावलेलं असो.

आपल्याकडे आता मोबाइल आणि संगणक पुरावा म्हणून कोर्टात जातात. उद्या कुण्या गावच्या पोराच्या मोबाइलमध्ये ‘हे सापडलं’ म्हणून स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरेल. तो पुढे पाठवण्याआधी विचारा: ते तिथे कधी आलं, कुणी ठेवलं, आणि तपासणाऱ्यानं नावाखाली बघितलं का? पोलिसांचं म्हणणं असो की बचाव पक्षाचं, प्रश्न दोघांनाही तेच विचारायचे.