कोळ्याचा धागा आणि दूरचा नेम

इब्न अल-हैसम यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांची खरी शिकवण मात्र मोजून, पडताळून पाहण्याची होती. दूरच्या नेमबाजीची दुर्बीण निवडतानाही मला तीच आठवते.

त्यांच्या प्रकाशविज्ञानावर विटेलोचा ग्रंथ उभा राहिला आणि विटेलोला पुढे नेत केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्वक्र भिंगांची दुर्बीण मांडली. तिच्यात प्रतिमा नळीच्या आतच तयार होते. १६४० च्या सुमारास यॉर्कशायरच्या विल्यम गॅस्कॉइनच्या अशाच दुर्बिणीत कोळ्याचा धागा शिरला आणि समोरच्या दृश्याइतकाच स्पष्ट दिसला. नेमाच्या फुलीचा उगम हा. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला.

आज लोक आधी विचारतात, ‘किती पट?’ पण २५ पटीवर हाताचा कंप आणि तापलेल्या हवेची थरथरही तेवढीच वाढते. शिवाय ५० मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्याशी येणारा झोत १० पटीला ५ मिलिमीटर असतो, तो २ वर येतो. उलट फुलीवरची एक मिलची खूण १००० मीटरवर १ मीटर मोजून देते. वाऱ्याचा हिशेब तिच्यावरच बसतो. फुली जाड असेल, तर मात्र लक्ष्यच झाकलं जातं.

म्हणून आधी बारीक, खुणांची फुली पाहावी, पट नंतर.