सिझेरियन शस्त्रक्रियेतील त्वचासीवन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१८७९ मध्ये आजच्या युगांडातील बुन्योरो येथे रॉबर्ट फेल्किन यांनी सिझेरियन शस्त्रक्रिया पाहिली. स्थानिक शल्यकर्त्याने पोटाची जखम सात लोखंडी सुयांनी मिटवून तीवर दोऱ्याचे वेढे दिले. गर्भाशयाला मात्र टाका घातला नाही. अकराव्या दिवशी जखम भरली होती. १८८२ मध्ये जर्मन वैद्यक मॅक्स सेंगर यांनी गर्भाशय शिवण्याची पद्धती मांडली. तिच्या व निर्जंतुकीकरणाच्या साहाय्याने मातामृत्यू घटत गेले. मातेचे जगणे शाश्वत झाल्यावरच त्वचासीवनाच्या पद्धतींची तुलना अर्थपूर्ण ठरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७४६ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत जखमेची गुंतागुंत धातूच्या स्टेपलनंतर १०.६ टक्के, तर टाक्यांनंतर ४.९ टक्के आढळली. स्टेपलमुळे शल्यचिकित्सकाची काही मिनिटे वाचतात; त्यांचे मोल मातेला चुकवावे लागते.