जुन्या कौलांचा पुनर्वापर

जुने कौलारू घर पाडले, की त्याची मंगलोरी कौले बहुधा राडारोड्यात जातात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे या कौलांचा कारखाना काढला. ही कौले खाचांनी एकमेकांत अडकतात. त्यामुळे ती अखंड उतरवून दुसऱ्या छपरावर चढविता येतात. मात्र निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळतातच असे नाही. टिचकी मारताच खणखणीत वाजणारे कौल निवडावे. बद्द वाजणाऱ्यास तडा गेलेला असतो. फुटक्या कौलांची पूड चुन्यात मिसळतात. हीच सुरखी होय. भाजलेल्या मातीची पुन्हा ओली माती होत नाही. म्हणून टाकून दिलेल्या प्रत्येक कौलाबरोबर खणलेली माती आणि भट्टीतील इंधन, दोन्ही वाया जातात.