पीस कोअर स्वयंसेवकांचे दैनंदिन जीवन

पीस कोअर ही अमेरिकेच्या संघराज्य शासनाची स्वयंसेवी सेवासंस्था असून तिचे स्वयंसेवक परदेशांत सुमारे दोन वर्षे राहून शिक्षण, आरोग्य, शेती इत्यादी क्षेत्रांत काम करतात. स्थानिक लोकांच्या जवळपास जाईल अशा राहणीमानाने राहणे, त्यांची भाषा बोलणे आणि शेजारधर्म पाळणे हा या कामाचाच भाग मानला जातो. त्यामुळे नव्या देशात रुळण्याच्या प्रक्रियेला संस्थेच्या कार्यपद्धतीत विशेष स्थान आहे.

पार्श्वभूमी

राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या १ मार्च १९६१ च्या आदेशाने पीस कोअरची स्थापना झाली व त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सार्जंट श्रायव्हर हे तिचे पहिले संचालक होत. यजमान देशाची प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज भागविणे, तेथील लोकांना अमेरिकन माणसाची ओळख करून देणे आणि अमेरिकन लोकांना इतर समाजांची ओळख करून देणे, अशी तिची तीन उद्दिष्टे आहेत. त्यांपैकी दोन परस्पर परिचयाविषयीची असल्यामुळे स्वयंसेवकाचे घर, बाजारहाट व जेवणखाण यांनाही महत्त्व येते. भरतीसाठी किमान वय १८ वर्षे असून कमाल मर्यादा नाही. तथापि बहुसंख्य स्वयंसेवक नुकतेच पदवीधर झालेले तरुण असतात.

घानासाठी निघालेली पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी आक्रा येथे उतरली. विमानतळावरच त्या तरुणांनी त्वी भाषेत गीत गायिले. यजमानांची भाषा आधी शिकावी, हा संकेत अशा प्रकारे आरंभापासूनच रूढ झाला.

प्रशिक्षण व यजमान कुटुंब

आरंभीच्या काळात प्रशिक्षण मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत होत असे. पुढे ते यजमान देशातच देण्याची पद्धत पडली. साधारणतः तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे प्रत्यक्ष सेवा, असा एकूण २७ महिन्यांचा कालावधी असतो.

प्रशिक्षणकाळात उमेदवार बहुधा स्थानिक कुटुंबात राहतो. सकाळी भाषेचा वर्ग आणि उरलेला दिवस त्याच भाषेत निभावून नेणे, असा क्रम असतो. बादलीतील मोजक्या पाण्यात आंघोळ, हाताने कपडे धुणे, विहिरीवरून किंवा नळावरून पाणी आणणे, वडीलधाऱ्यांना अभिवादन करण्याची रीत या गोष्टी तो घरातील माणसांकडून, अनेकदा लहान मुलांकडून शिकतो. पदवीधर तरुणाला शेंबड्या पोराकडून शब्द शिकावे लागतात, ही उलटापालट रुळण्याच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. कारण मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यातील अंतर तेथे कमी होते. कुटुंबाच्या शिफारशीने गावात त्याला ओळखही मिळते.

निर्वाह, आरोग्य व नियम

स्वयंसेवकांना पगार नसतो. स्थानिक राहणीमानानुसार ठरविलेला निर्वाह भत्ता मिळतो. सेवा पूर्ण झाल्यावर मायदेशी पुन्हा बस्तान बसविण्यासाठी ठरावीक रक्कम दिली जाते. प्रारंभीच्या वर्षांत ती सेवेच्या दर महिन्यामागे ७५ डॉलर होती. महिन्याला दोन दिवस या हिशेबाने रजा साठते. पिण्याचे पाणी गाळून व निर्जंतुक करून घेणे, हिवतापाच्या प्रदेशात प्रतिबंधक औषध नियमित घेणे, सायकलवर शिरस्त्राण वापरणे आणि मुक्काम सोडून बाहेर रात्र काढावयाची असल्यास कार्यालयास कळविणे, असे नियम असतात.

सांस्कृतिक धक्का

परक्या समाजात गेलेल्या माणसाच्या मानसिक अस्वस्थतेसाठी ‘सांस्कृतिक धक्का’ ही संज्ञा मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्या लेखनामुळे रूढ झाली. त्यांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरो येथे या विषयावर व्याख्यान दिले व १९६० मध्ये ते लेखरूपाने प्रसिद्ध झाले. आरंभीचा नवलाईचा काळ, त्यानंतरची चीड, मग सावरणे आणि शेवटी जुळवून घेणे, असे टप्पे त्यांनी सांगितले. वारंवार हात धुणे, पाण्याची व अन्नाची अवाजवी काळजी, किरकोळ विलंबाने संतापणे, भाषा शिकण्याचा कंटाळा आणि केवळ स्वदेशीयांची संगत शोधणे ही त्यांनी नोंदविलेली लक्षणे होत. सर्वांना हे टप्पे याच क्रमाने अनुभवास येतात, असे मात्र नाही.

इबादानचे पोस्टकार्ड

रुळण्याच्या काळातील नाजूकपणा ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियात उघड झाला. इबादान येथील विद्यापीठ महाविद्यालयात प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेने मायदेशी मित्राला लिहिलेले पोस्टकार्ड तेथील विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यात शहरातील अस्वच्छता व मागासलेपण यांचे वर्णन होते. त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निषेध झाला आणि तिला मायदेशी परतावे लागले. एक वर्षापूर्वीच स्वतंत्र झालेल्या देशातील तरुणांना ती परक्या नजरेने केलेली अवहेलना वाटली. पाहुण्याच्या खाजगी शब्दांनाही यजमानांच्या लेखी अर्थ असतो, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

भारतातील स्वयंसेवक

भारतात पीस कोअरचे कार्य १९६१ ते १९७६ या काळात चालले व चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. शेती, कुक्कुटपालन, आरोग्य व कुटुंबनियोजन ही त्यांची क्षेत्रे होती. महाराष्ट्राशी संबंधित विख्यात नाव म्हणजे लिलियन कार्टर. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या त्या मातोश्री होत. व्यवसायाने परिचारिका असलेल्या लिलियन वयाच्या ६८ व्या वर्षी स्वयंसेविका झाल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेज वसाहतीत त्यांनी काम केले. तेथून घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचा संग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मर्यादा व टीका

विशेष कौशल्य नसलेल्या तरुण पदवीधरांचा यजमान देशाला कितपत उपयोग होतो, असा आक्षेप आरंभापासून घेतला जातो. स्वयंसेवकाने स्वीकारलेले साधेपण ऐच्छिक असते. आजारी पडल्यास त्याला देशाबाहेर हलविता येते आणि तो केव्हाही परत जाऊ शकतो. शेजाऱ्यांना हा पर्याय नसतो, याकडेही टीकाकार लक्ष वेधतात.

सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे. सहकाऱ्याच्या लैंगिक गैरवर्तनाची तक्रार करणाऱ्या एका स्वयंसेविकेची २००९ मध्ये बेनिन येथे हत्या झाली. त्यानंतर २०११ मध्ये झालेल्या कायद्याने तक्रारदाराची गोपनीयता व अत्याचारपीडितांना मिळावयाचे साहाय्य यांविषयी तरतुदी केल्या.

परतीचा काळ

दोन वर्षांनी मायदेशी परतल्यावर तेथील मुबलकता व घाईच परकी वाटू लागते, असा अनुभव अनेक स्वयंसेवक सांगतात. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे साठांहून अधिक देशांतील सुमारे सात हजार स्वयंसेवकांना एकाच वेळी परत बोलाविण्यात आले. संस्थेच्या इतिहासातील ही अशी पहिलीच वेळ होती. अनेकांना यजमान कुटुंबाचा नीट निरोपही घेता आला नाही. २०२२ पासून स्वयंसेवक पुन्हा परदेशी पाठविले जाऊ लागले.